इंग्रजी पदनामांतला 'मॅन' आणि आपली मच्छीमार सोसायटी

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीच्या सचिवांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. संस्थेच्या अध्यक्षपदी यंदा पहिल्यांदाच एक महिला निवडून आल्या असून बँक, विमा कंपनी आणि निर्यातदार यांच्याशी पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. तेव्हा नव्या लेटरहेडवर त्यांच्या नावाखाली 'चेअरमन', 'लेडी चेअरमन', 'चेअरवूमन' की 'चेअरपर्सन' छापावे? अहवालात सभासदांना 'फिशरमेन' म्हणावे की आणखी काही? आणि हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या त्यांच्या मुलीने 'वेटर' लिहावे की 'वेट्रेस'?

आधी थेट उत्तरे देते. लेटरहेडवर 'चेअरपर्सन' छापावे. सभासदांसाठी 'फिशर्स' किंवा 'फिशरफोक' वापरावे. मुलीने कंपनीच्या जाहिरातीत असेल तेच पदनाम जसेच्या तसे लिहावे आणि त्याला आपल्या मनाने स्त्रीलिंगी शेपूट जोडू नये. रत्नागिरीत बोटीवर आणि हॉटेलांत जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज तयार करणे, संस्थांचे अहवाल आणि करार इंग्रजीत नेणे हे काम मी अनेक वर्षे करत आले आहे, आणि हे प्रश्न माझ्याकडे या ना त्या रूपात सतत येतात. त्यामागची कारणे समजली तर उद्या चौथा शब्द समोर आला तरी कोणाला विचारावे लागणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

गोंधळाचे मूळ आपल्या मराठी सवयीत आहे. लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका, अध्यक्ष-अध्यक्षा या जोड्या आपल्या तोंडात बसलेल्या आहेत आणि स्त्रीलिंगी रूप वापरले की त्या बाईंचा मान राखला, असे आपल्याला वाटते. सरपंच, वकील, आमदार, न्यायाधीश अशी नामे मात्र आपण दोघांसाठी सारखीच वापरतो, कारण 'सरपंच आल्या', 'वकील म्हणाल्या' असे म्हणताना लिंग सांगण्याचे काम क्रियापद बिनबोभाट करून टाकते. इंग्रजी क्रियापद तसे बदलत नाही आणि विशेषणही बदलत नाही. त्यामुळे इंग्रजी वाक्यात नामाला चिकटलेला ('वेट्रेस'मधला) 'एस' किंवा 'वूमन' ही लिंगाची एकटीच खूण उरते आणि ती मुद्दाम ठोकल्यासारखी दिसते. 'अध्यक्षा' या शब्दात मराठी कानाला सौजन्य ऐकू येते. 'लेडी चेअरमन' वाचणाऱ्या परदेशी निर्यातदाराला मात्र असे वाटते की या संस्थेत अध्यक्ष बाई असणे ही अपवादाची गोष्ट आहे आणि संस्थेला ती नोंदवून ठेवावीशी वाटते.

त्यात इंग्रजीतल्या स्त्रीलिंगी रूपांचा इतिहास फारसा मानाचा नाही. गव्हर्नर प्रांताचा कारभार पाहतो, तर गव्हर्नेस श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवायला राहते. 'मास्टर'मध्ये मालकी आणि प्रावीण्य शिल्लक राहिले, 'मिस्ट्रेस'ची मात्र वेगळ्याच अर्थाकडे घसरण झाली. 'पोएटेस' आणि 'ऑथरेस' हे शब्द एकेकाळी सर्रास छापले जात. आज एखाद्या कवयित्रीला इंग्रजीत 'पोएटेस' म्हटले, तर तिची कविता हौशी आहे असे सुचवल्यासारखे होते. 'ॲक्ट्रेस' अजून जिवंत आहे, ऑस्करच्या पारितोषिकातही आहे, पण अनेक अभिनेत्री स्वतःला 'ॲक्टर' म्हणवतात आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने २०२१ पासून अभिनयाच्या पारितोषिकांतला स्त्री-पुरुष भेदच काढून टाकला. फ्रेंच आणि जर्मन या भाषांत नामांना लिंग असल्याने तिथल्या स्त्रियांनी स्त्रीलिंगी रूपे मागून घेतली, आणि फ्रेंच अकादमीने बराच काळ विरोध करून २०१९ मध्ये ती मान्य केली. इंग्रजीने उलट बाजूची वाट धरली. दोन्हींकडची मागणी एकच होती, पण भाषेची घडण वेगळी असल्यामुळे उपाय वेगळे निघाले. म्हणूनच मराठीत 'अध्यक्षा' लिहिणे आणि इंग्रजीत 'चेअरपर्सन' लिहिणे यांत कोणतीही विसंगती नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की 'मॅन' म्हणजे माणूस, त्यात बाई आलीच, मग एवढी उठाठेव कशाला? हा आक्षेप प्रामाणिक असतो आणि त्याला कायद्याचा आधारही होता. ब्रिटनमध्ये १८५० च्या एका कायद्यात आणि भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये असे सांगितले आहे, की संदर्भ आड येत नसेल तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरावा. प्रत्यक्षात काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. १९१३ मध्ये ग्विनेथ बेब यांनी इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्याचा हक्क मागितला. ज्या १८४३ च्या कायद्याखाली त्यांनी तो मागितला, त्यातही पुल्लिंगात स्त्रिया धराव्यात असे कलम होते. तरीही स्त्रिया कधी सॉलिसिटर झालेल्या नाहीत, म्हणून त्या होऊ शकत नाहीत, असा निकाल लागला. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी केलेला अर्जही असाच फेटाळला गेला. अखेर १९२३ मध्ये स्त्रियांना वकिली करता येईल असे सांगणारा स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा भारतभरच्या स्त्रियांसाठी ते दार उघडले. 'त्यात बाई आलीच' हे वाक्य जबाबदारी आणि दंड लागू करताना खरे ठरत होते. अधिकार मागण्याची वेळ आली की तेच वाक्य डळमळत होते.

पदनामे बदलण्याची मोठी लाट १९६० नंतर आली आणि तिचा उगम नोकरीच्या जाहिरातींत होता. अमेरिकेत वर्तमानपत्रे 'पुरुष हवेत' आणि 'स्त्रिया हव्यात' असे वेगळे रकाने छापत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला लिंगभेद बेकायदा ठरवला, आणि १९७३ मध्ये पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्राच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे रकाने बंद करण्याचा आदेश कायम केला. ब्रिटनच्या १९७५ च्या कायद्याने तर थेट पदनामालाच हात घातला: 'वेटर', 'सेल्सगर्ल', 'पोस्टमन', 'स्टुअर्डेस' यांसारखे लिंगसूचक पदनाम जाहिरातीत वापरले आणि जागा दोघांसाठी खुली आहे असे स्पष्ट केले नाही, तर भेदभावाचा हेतू गृहीत धरला जाईल, असे त्यात लिहिले होते. अमेरिकेच्या श्रम खात्याने १९७७ मध्ये आपला व्यवसायकोश नव्याने काढला तेव्हा त्यातली लिंगसूचक नावे बदलली. 'फायरमन'चा 'फायरफायटर', 'पोलीसमन'चा 'पोलीस ऑफिसर' आणि 'सेल्समन'चा 'सेल्सपर्सन' होणे हे या काळातले आहे. पुढे १९९९ मध्ये लंडनच्या पोलीस दलाने महिला शिपायाच्या हुद्द्याआधीचे 'वूमन' हे विशेषणही काढले.

वेगळ्या नावाने किती फरक पडतो, हे पाहायला विमानाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. १९७१ मध्ये सेलिओ डियाझ या पुरुषाने पॅन ॲम कंपनीविरुद्धचा खटला जिंकला. केवळ स्त्रियांनाच केबिनमध्ये घेण्याचे कंपनीचे धोरण बेकायदा ठरले आणि 'स्टुअर्डेस' मागे पडून 'फ्लाइट अटेंडंट' रूढ होण्याला जोर आला. म्हणजे हा बदल पुरुषांच्याही उपयोगी पडला. आपल्याकडे एअर इंडियात स्त्रिया 'एअर होस्टेस' होत्या आणि पुरुष 'असिस्टंट फ्लाइट पर्सर'. पुरुष ५८ व्या वर्षी निवृत्त होत. स्त्रियांना ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या गरोदरपणी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास सोडून जावे लागे. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण ही दोन पदे भरतीपासून बढतीपर्यंत दोन स्वतंत्र संवर्ग आहेत, त्यामुळे त्यांची तुलना करता येत नाही, असेही म्हटले, आणि लग्नाची अट तशीच राहिली. एकाच विमानात, त्याच प्रवाशांची देखभाल करणाऱ्या माणसांची नावे वेगळी, म्हणून संवर्ग वेगळा, म्हणून निवृत्तीचे वय वेगळे. पदनाम ही केवळ शिष्टाचाराची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

आता समुद्राकडे वळू, कारण आपल्या किनाऱ्यावरची पोरे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आली आहेत आणि आता मुलीही जी. पी. रेटिंगची, म्हणजे खलाशाच्या प्राथमिक प्रशिक्षणाची, चौकशी करू लागल्या आहेत. जुन्या कागदांत सगळीकडे 'सीमन' आहे. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २००६ साली झाला, त्यात मात्र 'सीफेअरर' हाच शब्द आहे. प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी 'एबल सीफेअरर डेक' हे पद आणले आणि त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या. कॅनडाच्या नौदलाने २०२० मध्ये कनिष्ठ हुद्द्यांतला 'सीमन' काढून 'सेलर' केला. बदल सगळीकडे सारखा झालेला नाही. बोटीवर रोजच्या बोलण्यात 'ओ. एस.' (ऑर्डिनरी सीमन) आणि 'ए. बी.' (एबल सीमन) हेच चालते, आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पाटीवर 'मॅनिंग' हा शब्द अजून दिसतो. उलट जहाजाच्या कप्तानाचे कायदेशीर पदनाम 'मास्टर' आहे आणि ते बाईसाठीही 'मास्टर'च राहते. २०१५ च्या जून महिन्यात बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रात अडकलेल्या 'दुर्गम्मा' या होडीवरच्या सात मच्छीमारांना वाचवणाऱ्या राधिका मेनन या 'संपूर्ण स्वराज्य' टँकरच्या मास्टर होत्या. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्यपुरस्कार त्यांना पुढच्या वर्षी मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांच्या पदनामापुढे स्त्रीत्वाची खूण जोडण्याची कोणाला गरज वाटली नाही, कारण मास्टर या शब्दामागचा अधिकार कायद्याने ठरलेला आहे.

मासेमारीचा शब्द निवडताना मी जास्त आग्रही आहे. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी उभे राहावे. बोटी आत उभ्या असतात, मासळी होड्यांतून आणि बैलगाड्यांतून ओल्या वाळूवर येते, आणि लिलावाचा पुकारा सुरू झाला की सुरमई-पापलेटाच्या ढिगाभोवती बोली लावणाऱ्यांत बायका ठामपणे उभ्या असतात. भाव ठरवणे, पाट्या भरणे, बर्फाची व्यवस्था, बाजार गाठणे, उरलेला माल खारवणे आणि सुकवणे हे बहुतांशी त्यांच्या हातचे. हेच दृश्य इंग्रजी अहवालात 'फिशरमेन' या एका शब्दाने लिहिले, की वाळूवरचा अर्धा धंदा कागदावरून नाहीसा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अहवालांनुसार, पकडण्यापासून विक्रीपर्यंतची पूर्ण साखळी धरली तर जगभर या व्यवसायातले सुमारे निम्मे मनुष्यबळ स्त्रियांचे आहे. त्याच संघटनेने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या छोट्या मच्छीमारांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'फिशर्स' आणि 'फिश वर्कर्स' असे दोन शब्द जोडीने वापरले आहेत, ते यासाठीच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गणनेत 'फिशरफोक' येतो, तो कुटुंबासह सगळ्या समाजाला लागू पडतो. म्हणून आपल्या अहवालात बोटीवर जाणारे सभासद 'फिशर्स', विक्री आणि प्रक्रियेतले 'फिश वर्कर्स' किंवा 'फिश व्हेंडर्स', आणि एकूण वस्तीविषयी लिहिताना 'फिशरफोक' असा फरक केलात तर अनुदानाच्या प्रस्तावातही संस्थेचे काम पूर्ण दिसेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर स्वतः बोट चालवणाऱ्या कित्येक बायकांना 'फिशर' हा शब्द आवडत नाही. त्या स्वतःला अभिमानाने 'फिशरमन' म्हणवतात, कारण त्यांच्या मते तो हुद्दा त्यांनी कष्टाने कमावला आहे आणि बाहेरच्यांनी तो बदलू नये. कॅनडाच्या सरकारी कागदांत त्यामुळे 'फिश हार्वेस्टर' हा तिसरा शब्द आढळतो, तोही सगळ्यांना रुचतो असे नाही. माझे मत असे, की गटाविषयी लिहिताना सर्वसमावेशक शब्द वापरावा, आणि एका व्यक्तीविषयी लिहिताना तिला काय म्हणवून घ्यायचे आहे ते तिला विचारावे. आपल्या अध्यक्षांनाही हे आधी विचारा. त्यांना 'चेअरमन' हवे असेल, तर तोही निर्णय आदराने घ्यावा. मात्र पर्याय त्यांच्यासमोर ठेवल्यावर घ्यावा.

आता लेटरहेड. 'चेअरपर्सन' हा कोणी अलीकडे बाहेरून आणलेला शब्द आहे असे समजू नका. तो भारताच्या घटनेत आहे. राज्यसभेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या मूळ कलमांत 'चेअरमन' आहे, पण १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींच्या प्रमुखपदांसाठी 'चेअरपर्सन' वापरला, आणि योगायोगाने नव्हे, कारण त्याच कलमात त्यांतली किमान एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी राखीव ठेवली. २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची व्याख्या केली, तीतही 'चेअरपर्सन'च आहे. तो भाग राज्यांतल्या संस्थांना लागू होत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, तरी आपल्याला हवा असलेला शब्दाचा आधार त्यातून मिळतोच. ब्रिटनमध्ये सध्या नुसते 'चेअर' जास्त चालते, पण आपल्याकडच्या बँकेत ते अजून रुळलेले नाही, म्हणून मी ते सुचवत नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक संस्था घेत नाहीत. बाई पदावर असताना 'चेअरपर्सन' आणि पुढच्या निवडणुकीत पुरुष आला की पुन्हा 'चेअरमन', असे झाले तर 'चेअरपर्सन'चा अर्थ 'चेअरवूमन' एवढाच उरतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. शब्द पदाचा आहे, पदावरच्या माणसाचा नाही. म्हणून संचालक मंडळाचा ठराव करून तो कायमचा स्वीकारावा आणि शिक्के, पावतीपुस्तके, फलक या सगळ्यांवर हळूहळू आणावा. नोंदणीकृत उपविधींच्या इंग्रजी प्रतीत 'चेअरमन' असेल, तर उपविधी दुरुस्त होईपर्यंत बँकेचे नमुना-सह्यांचे कार्ड, कर्जरोखे आणि करार यांवर तोच शब्द ठेवा. तिथे दोन वेगवेगळी पदनामे दिसली तर कागद परत येतो, आणि हप्त्याच्या तारखेला ते परवडत नाही. अध्यक्षांच्या नावाआधी 'मिसेस'ऐवजी 'मिझ' (Ms) किंवा 'श्रीमती'चे रूढ इंग्रजी रूप लिहावे. लग्न झाले आहे की नाही हे विमा कंपनीला कळवण्याचे कारण नाही. आणि बाहेर जाणाऱ्या पत्रांत सवयीने 'डिअर सर' टंकले जाते, तेही तपासा, कारण निर्यातदाराच्या कार्यालयात ते पत्र उघडणारी व्यक्ती बाई असू शकते.

सगळीच पदनामे बदलायची असतात असे मात्र नाही. 'मिडवाइफ' या शब्दातले 'वाइफ' हे बाळंतिणीला उद्देशून आहे. तिच्या सोबत असणारी व्यक्ती, एवढाच त्याचा मूळ अर्थ, म्हणून ब्रिटनमध्ये १९८३ पासून पुरुषांना हे काम मोकळेपणाने करता येऊ लागले तरी शब्द तोच राहिला. 'नर्स' दोघांनाही चालतो, त्यामुळे 'मेल नर्स' लिहिणे हे 'लेडी डॉक्टर' लिहिण्याइतकेच अनावश्यक आहे. क्रिकेटमध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' केला, तेव्हा आपल्याकडच्या काही जुन्या खेळाडूंना ते खटकले; पण मराठी समालोचनात फलंदाज आणि गोलंदाज हे शब्द आपण स्मृती मंधानासाठी आणि रोहित शर्मासाठी आधीपासूनच सारखे वापरत होतो.

मुलीच्या अर्जाबद्दल शेवटी. क्रूझ कंपन्यांच्या जाहिरातींत 'असिस्टंट वेटर' हे पद मुलगे आणि मुली दोघांसाठी असते. अमेरिकी हॉटेलांत त्याच कामाला 'सर्व्हर' म्हणतात. आणि 'चेंबरमेड'च्या जागी 'रूम अटेंडंट' किंवा 'स्टेटरूम अटेंडंट' येते. कंपनीचे संगणक अर्ज चाळताना जाहिरातीतले शब्दच शोधतात, त्यामुळे 'वेट्रेस' लिहिल्याने तिचा अर्ज मागे राहण्याचा धोकाही आहे. प्रशिक्षणाच्या काळात एखाद्या हॉटेलने तिला 'हॉस्टेस' असे प्रमाणपत्र दिले असेल, तर तो शब्द अनुभवाच्या रकान्यात तसाच ठेवावा, कारण कागदपत्रांची पडताळणी होते. पण खाली एका ओळीत काम स्पष्ट लिहावे: पाहुण्यांचे स्वागत, टेबलांची आखणी, किती आसनांचे उपाहारगृह, कोणती बिलिंग प्रणाली. वरच्या परिचयाच्या ओळीत 'फीमेल कँडिडेट' किंवा 'लेडी स्टाफ' असे शब्द असतील तर ते काढून टाकावेत. जाहिरातीत पदनाम दोन प्रकारे दिलेले असेल, तर मेल पाठवण्यापूर्वी एजंटाकडून पदाचा कोड मागून घ्यावा आणि विषयाच्या ओळीत तोच लिहावा.